वनस्पतिज औषधांची उत्परिवर्तन-परीक्षा

परंपरेने वापरात असलेल्या औषधी वनस्पतींमुळे कोशिकांतील आनुवंशिक द्रव्याला (डीएनएला) इजा होते किंवा नाही, हे पडताळण्याच्या प्रयोगशालेय पद्धतींना ही संज्ञा लावतात. आनुवंशिक द्रव्यात कायमचा बदल झाल्यास त्याला उत्परिवर्तन म्हणतात. काही उत्परिवर्तनांतून पुढे कर्करोग उद्‌भवतो. जननकोशिकांतील उत्परिवर्तने संततीत उतरू शकतात.

प्राचीन वैद्यांना वनस्पतींच्या विषारीपणाची चांगली जाण होती. बिबवा विटेच्या चूर्णात चोळून व बचनाग गोमूत्रात भिजवून शुद्ध करण्याचे विधी याचे द्योतक आहेत. तथापि ही जाण मुख्यतः लवकर दिसणाऱ्या परिणामांची होती. अंगावर फोड येणे, ओकारी होणे, भान हरपणे यांचा संबंध घेतलेल्या औषधाशी लगेच जोडता येतो. उत्परिवर्तनातून होणारे अर्बुद मात्र अनेक वर्षांनी प्रकट होते आणि तोवर औषध घेतल्याची आठवणही रोग्यास बहुधा उरत नाही. त्यामुळे शेकडो वर्षांच्या वापरात अपाय आढळला नाही, हा नेहमीचा युक्तिवाद तीव्र विषबाधेपुरता ग्राह्य धरला, तरी येथे तो अपुरा पडतो.

या अडचणीवर सोपा उपाय अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी काढला. हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल स्वतः तयार करू न शकणारे साल्मोनेला जंतू हिस्टिडीनरहित माध्यमावर वाढत नाहीत. पण परीक्ष्य पदार्थाने त्यांच्यात योग्य ते उत्परिवर्तन घडविले, तर त्यांची ही क्षमता परत येते व दोन दिवसांत वसाहती दिसू लागतात. अनेक पदार्थ यकृतात रूपांतर झाल्यावरच अपायकारक होतात, म्हणून १९७३ मध्ये एम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या परीक्षेला यकृताच्या अर्काची जोड दिली. उंदरांच्या अस्थिमज्जेतील कोशिकांत रंगसूत्रांचे तुकडे शोधणारी सूक्ष्मकेंद्रक परीक्षाही त्याच दशकात रुळली.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत घातला गेला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेत एस्. व्ही. भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी परकीय रसायनांऐवजी आपल्याच पानपुड्यातील आणि मसाल्याच्या डब्यातील द्रव्ये तपासावयास घेतली, हे विशेष होय. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी विडा व त्यातील घटक यांची उत्परिवर्तनक्षमता आणि अर्बुदजनकता यांची सांगड घातली. यानंतर भिडे आणि एम्. नागभूषण यांना हळदीतील कुर्क्युमीन उत्परिवर्तक तर नाहीच, उलट इतर उत्परिवर्तकांचा परिणाम रोखणारे आहे, असे आढळले (१९८६). विड्याच्या पानाबाबतही १९८७ मध्ये असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे एकाच विड्यात पान रक्षक व सुपारी घातक ठरली. आयुर्वेदात जंतावर सांगितलेल्या या सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले.

अशा परीक्षांचे निकाल जपून वाचावे लागतात. कांद्यात विपुल असलेले क्वेर्सेटीन एम्स परीक्षेत उत्परिवर्तक ठरते. पण म्हणून कांदा कर्करोगकारक ठरत नाही. वनस्पतीच्या अर्कातच हिस्टिडीन असल्यास जंतू उत्परिवर्तनाविनाही वाढतात. एकट्या परीक्षेवरून परंपरागत औषध त्याज्य ठरविणे हे परीक्षाच न करण्याइतके अशास्त्रीय होय.

वेखंड (लॅ. ॲकोरस कॅलॅमस) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याचे मूलक्षोड सहाणेवर उगाळून बाळगुटीत देण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती. भारतीय वेखंडाच्या तेलामुळे उंदरांमध्ये आतड्याची अर्बुदे झाल्याचे १९६७ मध्ये आढळले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. तेलातील बीटा-ॲसरोन हे यकृतार्काच्या सान्निध्यात उत्परिवर्तक असल्याचे १९८३ मध्ये दिसून आले. मात्र वेखंडाच्या द्विगुणित प्रकारात हे द्रव्य जवळजवळ नसते, तर चतुर्गुणित प्रकारात ते विपुल असते. तेव्हा वाण न नोंदविता केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष दुसऱ्या गावच्या वेखंडाला लागू पडेलच, असे नाही.

याहून गंभीर प्रकरण किडामारीच्या वंशाचे आहे. किडामारी (लॅ. ॲरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलेटा) ही मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तण म्हणून उगवणारी, जंतांवर व गुरांच्या जखमांवर वापरली जाणारी कडू वनस्पती होय. या वंशातील ॲरिस्टोलोकिक अम्लामुळे उंदरांना कर्करोग होतो, असे दिसल्यावर जर्मनीत १९८१ मध्ये ही औषधे मागे घेण्यात आली. पाठोपाठ त्याची उत्परिवर्तकताही सिद्ध झाली. इशारा असा स्पष्ट असूनही दहा वर्षांनी ब्रूसेल्समध्ये वजन उतरविण्याच्या उपचारात याच वंशातील चिनी वनस्पती चुकून दिली गेली व शंभराहून अधिक स्त्रियांचे मूत्रपिंड बिघडले (१९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध). त्यांपैकी ज्या ३९ रुग्णांनी प्रतिबंधक शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांतील १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला (२०००). हे अम्ल डीएनएत विशिष्ट प्रकारची खूण सोडते, त्यामुळे अर्बुदाचे कारण पुष्कळ वर्षांनंतरही ओळखता येते.

भारतात आयुर्वेदीय औषधांचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली होते. २०१० मध्ये त्याच्या नियमांत घातलेल्या तरतुदीनुसार, मान्य ग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणे व त्याच उपयोगासाठी केलेल्या औषधाला परवान्यासाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास सादर करावा लागत नाही. घरी सहाणेवर उगाळलेले मूळ अथवा बांधावरून उपटून आणलेला पाला तर या नियमांच्या कक्षेतच येत नाही.