गांवकुसाबाहेरील वतनदार

नगर जिल्ह्याच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) इतिहासाचीं साधनें जमविणारांची दृष्टि बहुधा निजामशाही फर्मानें, देशमुख-देशपांड्यांच्या सनदा, इनामपत्रें आणि महजर यांवर असते. तें साहजिकच आहे. परंतु शिवेच्या तंट्यांत साक्षीस उभा राहणारा, बलुत्याच्या यादींत हटकून येणारा, आणि तरीही स्वतंत्र विचारास क्वचितच पात्र झालेला असा एक वतनदार याच कागदांत आहे. तो म्हणजे गांवचा महार. त्याच्या घराचा, आरोग्याचा आणि पोटापाण्याचा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून संशोधक बाजूस ठेवितात. आमच्या मतें तो आधीं दप्तराचा प्रश्न आहे. या तिन्ही बाबतींत जें उणें त्याच्या वांट्यास आलें, त्याचें मूळ एकाच व्यवस्थेंत आहे, आणि ती व्यवस्था 'वतन' या मानाच्या शब्दाखालीं लिहिली गेली.

वतन हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ जन्मभूमि, राहण्याचें ठिकाण. महाराचें वतनही पाटलाच्या वतनाप्रमाणें वंशपरंपरेचें. पण राहण्याचें ठिकाण मात्र गांवकुसाबाहेर. वेशीची राखण करणारा वेसकर हा महारच असे. आणि सायंकाळीं वेस लागली म्हणजे त्याचें स्वतःचें घर वेशीबाहेर उघड्यावर राही. ज्यानें गांव राखावें त्यासच गांवाचा आसरा नाहीं, ही विसंगति त्या काळीं कोणास खटकल्याचें दिसत नाहीं, कारण तिला शास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत चांडाल व श्वपच यांची वस्ती गांवाबाहेर असावी आणि त्यांनीं प्रेतांचीं वस्त्रें नेसावीं असें सांगितलें आहे. महार म्हणजेच स्मृतींतील चांडाल, असें आमचें म्हणणें नाहीं. तो स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण प्रेतावरील वस्त्र हा गांवगाड्यांत महाराचा हक्क गणला जाई, हें लक्षांत घेतलें पाहिजे. स्मृतीनें जी अवहेलना म्हणून नेमली, ती वतनांत हक्क म्हणून उतरली.

महारांच्या बावन्न हक्कांची परंपरा प्रसिद्ध आहे. बेदरच्या बादशहानें अमृतनाक महाराच्या इमानाबद्दल ते दिले असें सांगतात. परंपरा हा अस्सल लेख नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तरी तींत कोणत्या वस्तु येतात हें पाहण्याजोगें आहे: बलुतें, मेलेल्या जनावराचें कातडें, लग्नकार्यांतील व मयतीच्या वेळचे लहानसहान लाग. बादशहा प्रसन्न झाल्याच्या कथेंतसुद्धां गांवांतल्या घराची जागा किंवा विहिरीचें पाणी हा महाराचा मुख्य हक्क म्हणून पुढें येत नाहीं.

आतां कामाकडे पाहूं. गांवचा सारा ठाण्यांत पोंचविणें, टपाल नेणें, शीव दाखविणें, मयताची वार्ता परगांवीं कळविणें, मेलेलें ढोर ओढणें, अंमलदारांस सरपण व वाटाड्या पुरविणें, हीं सर्व कामें महारकींत येत. मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि बलुतें. इंग्रजी अमलांत इ. स. १८७४ च्या वतनाच्या कायद्यानें ही चाकरी सरकारी चौकटींत बसविली. जमिनीचा तुकडा तोच राहिला आणि भाऊबंद वाढत गेले, तसतसा एकेकाचा वांटा घटत गेला. चाकरी मात्र अष्टौप्रहर. वतनदार हजर नसला तर घरांतील दुसऱ्या माणसास जावें लागे. म्हणून बाहेर मजुरी करण्याची किंवा धंदा शिकण्याची मोकळीक नव्हती. ही स्थिति पालटावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत दुरुस्तीचें विधेयक आणलें. तें १९२९ मध्यें त्यांस मागें घ्यावें लागलें.

आरोग्याचें प्रकरण यापासून निराळें काढतां येत नाहीं. नगर जिल्हा पर्जन्यछायेंतील. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांचा तडाखा त्यास बसला. बलुतें हा पिकाचा वांटा. पीक बुडालें कीं बलुतेंही बुडालें. उलट गुरें पटापट मरूं लागलीं कीं ढोरें ओढण्याचें काम वाढे, आणि उपाशी घरास त्या मांसावांचून गति नसे. पाण्याचेंही तसेंच. नारू हा रोग पिण्याच्या पाण्यांतून होतो; पटकीही मुख्यतः पाण्यांतूनच पसरते. गांवच्या विहिरीवर ज्यास मज्जाव, त्यानें दुसऱ्यानें वाढलेल्या पाण्याची वाट पाहावी किंवा ओढ्याच्या डबक्यावर भागवावें. रोगास जात नसेल. पण पाणवठ्यास होती. रा. ब. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयींचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ मध्यें संमत केला; आणि तरीही महाडचें तळें १९२७ मध्यें सत्याग्रहावांचून खुलें होईना.

कोणी म्हणेल, गांव सोडून जाण्यास कोणाची आडकाठी होती? मार्ग होते खरे. नगर येथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ पासून सुरू झालें. मिस फॅरार यांची मुलींची शाळा येथलीच. ती पाहून जोतीराव फुले यांस स्त्रीशिक्षणाची प्रेरणा झाली आणि सावित्रीबाई येथें अध्यापन शिकल्या. मिशनच्या शाळांनीं महार-मांगांच्या मुलांस अक्षर दिलें. तरी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचीं घरें गांवोगांव पूर्वीच्याच वस्तींत राहिलीं. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्यें खुला झाला आणि मुंबईची वाट जवळ आली. पण गिरण्यांत अधिक पगाराचें विणकामखातें अस्पृश्यांस बंद होतें, कारण धोट्यांतील सूत तोंडानें ओढावें लागे. कंपनीच्या फौजेंत महार शिपाई पुष्कळ होते. १८९० नंतरच्या दशकांत ती भरती थांबली. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० मध्यें त्यासाठीं विलायतसरकारकडे अर्ज केला. महार पलटण उभी राहिली ती १९४१ मध्यें. गांवकूस असें माणसाच्या मागोमाग शहरापर्यंत गेलें.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानें अस्पृश्यता नष्ट झाली, आणि १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनेंही रद्द झालीं. जमिनी पूर्वीच्या वतनदारांस परत मिळाल्या त्या मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून हस्तांतर करूं नये, या अटीवर. त्याच सुमारास याच जिल्ह्याचा कायापालट होत होता. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें होऊन प्रवरेचे कालवे वाहूं लागले होते. १९५० मध्यें लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला. हें कार्य थोर, यांत शंका नाहीं. परंतु कालव्याचें पाणी जमिनीस मिळतें आणि कारखान्याचें सभासदत्व उसास. ज्याच्याजवळ भाऊबंदकींत वांटलेला हाडोळ्याचा तुकडा, त्याच्या वांट्यास या समृद्धींतून मुख्यतः मजुरीच आली.

डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय केला. तो सर्वथा योग्य आहे. मात्र पाटीवरील नांव पुसलें म्हणून वस्तीची जागा बदलत नाहीं. ती कोणी, केव्हां आणि कां नेमली, हें कागदच सांगतात. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. महारकीच्या वाटणीचे कागद, बलुत्याच्या याद्या, हाडोळ्याच्या पावत्या, ढोरांच्या कातड्यावरून झालेले निवाडे हाताशीं आले तर ते क्षुल्लक म्हणून रद्दींत टाकूं नयेत. देशमुखी सनदेचा उपयोग आज बहुधा अभ्यासापुरताच उरला आहे. हाडोळ्याची जुनी पावती एखाद्या कुटुंबाच्या जमिनीचा हक्क शाबीत करण्यास अजून उपयोगी पडूं शकते. अशा कागदांच्या नकला मूळ मालकांच्या घरीं ठेवाव्या आणि दुसऱ्या प्रति संशोधनसंस्थांत द्याव्या. ज्या घराण्याजवळ कातड्याच्या पेटींत ठेवलेली सनद नाहीं, त्याचाही इतिहास दप्तरांत आहे. तो वाचणें हें आपलें काम आहे.