उजनी जलाशयातील नौका-वाहतूक : इंदापूर-बारामती परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नौका-वाहतुकीचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच कोकणच्या खाड्यांकडे व बंदरांकडे वळते. देशावरील, त्यातही पर्जन्यछायेच्या प्रदेशातील तालुक्यांत प्रवासी होडी ही दैनंदिन गरज असू शकते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका मात्र याला अपवाद आहे. भीमा नदीवरील उजनी धरणामुळे या तालुक्याच्या उत्तर व पूर्व सीमेवर विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आणि शेतकऱ्यांची गावे अल्पावधीत तीरवासी बनली. या स्थित्यंतरातून उद्भवलेल्या नौका-वाहतुकीचे स्वरूप तपासणे आणि तिच्या संदर्भात शासनसंस्थेची जबाबदारी कोणती, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धरणपूर्व काळातील नदी व तर

इंदापूर तालुका हा भीमा व नीरा या दोन नद्यांमधील प्रदेश होय. तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे या नद्यांचा संगम होतो. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावत असल्यामुळे इंदापुरात पाऊस नसतानाही त्यांना पूर येई. वर्षाचे सात-आठ महिने पात्र उताराने पायी अथवा बैलगाडीने ओलांडता येत असे. पावसाळ्यात मात्र नावेवाचून गत्यंतर नसे. नदीकाठच्या गावांतून नाव चालविण्याचे काम परंपरेने कोळी समाजाकडे होते आणि त्याचा मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. अशा रीतीने तर हा ग्रामव्यवस्थेचाच एक भाग होता. नावाडी गावाला ओळखत असे आणि गाव नावाड्याला. त्याच्या कामाची हमी या परस्परसंबंधातच होती.

ब्रिटिश अमलात या व्यवस्थेला कायद्याचे रूप आले. मुंबई इलाख्यासाठी १८६८ मध्ये तरींविषयीचा कायदा संमत झाला. सार्वजनिक तर घोषित करणे, तिचे दर ठरविणे, ती मक्त्याने देणे व उतारूंच्या सुरक्षिततेसाठी नियम करणे हे अधिकार त्याने शासनाकडे दिले. पैलतीरी जाण्याची सोय हा खाजगी व्यवहार नसून सार्वजनिक मार्गाचाच एक प्रकार आहे, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

याच तालुक्याला महसुली इतिहासातही विशेष स्थान आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये ज्या जमीन-मोजणीस आरंभ केला व जी पुढे मुंबई इलाख्याच्या महसूल-पद्धतीचा पाया ठरली, ती प्रथम इंदापुरात झाली. ज्या भूमीचे क्षेत्र, प्रत व आकार इतक्या काटेकोरपणे नोंदले गेले, तिच्यापैकी नदीकाठचा सुपीक भाग सुमारे दीड शतकानंतर पाण्याखाली गेला.

जलाशयाची निर्मिती व दळणवळणाचा विच्छेद

उजनी प्रकल्पाची पायाभरणी १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील उजनी गावाजवळच्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यापैकी जवळजवळ ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे. ‘यशवंतसागर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाने सोलापूर जिल्ह्याच्या शेतीला व शहराला पाणी दिले, हे निर्विवाद आहे. तथापि त्याच पाण्याने इंदापूर व करमाळा या समोरासमोरच्या तालुक्यांमधील जुने उतार, गाडीवाटा व गावठाणे बुडविली.

धरण होण्यापूर्वी इंदापुरातील कळाशी व करमाळ्यातील कुगाव यांच्यामध्ये केवळ नदी होती. धरणानंतर त्यांच्यामध्ये सरोवर आले. विवाहसंबंध, बाजार, देवस्थाने व शेतमजुरी यांच्या निमित्ताने चालणारा व्यवहार मात्र थांबला नाही. तो थांबणे शक्यही नव्हते. दुसरीकडे इंदापूर, भिगवण व बारामती यांचे आकर्षण उत्तरोत्तर वाढत गेले. बारामतीतील महाविद्यालये, रुग्णालये, औद्योगिक वसाहत आणि भिगवण-इंदापूर येथील मासळीबाजार यांमुळे करमाळा तालुक्याच्या पश्चिम भागातील लोकांना जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या सोलापूरपेक्षा पैलतीर जवळचे वाटू लागले. रस्त्याने तेथे जायचे तर जलाशयाला मोठा वळसा पडे.

या भागातील जुना पूल डिकसळचा. १८५८-५९ मध्ये पुण्याहून डिकसळमार्गे बार्शी रोडपर्यंत लोहमार्ग खुला झाला, त्या काळातील हा दगडी रेल्वेपूल होय. जलाशयामुळे लोहमार्ग दुसरीकडे वळविण्यात आला आणि जुना पूल रस्ता-वाहतुकीकरिता वापरात आला. रेल्वेने सोडलेल्या पुलावर दोन तालुक्यांच्या दळणवळणाची भिस्त राहावी, यावरून प्रकल्पाच्या आखणीत पाण्यापलीकडील संपर्काला कोणते स्थान होते, हे पुरेसे स्पष्ट होते.

नौका-वाहतुकीचे स्वरूप

या परिस्थितीत नौका-वाहतूक उभी राहिली ती मच्छीमारीच्या आधाराने. जलाशयात मासेमारी वाढली, होड्या आल्या आणि त्याच पाण्यावर उतारूंची ने-आण सुरू झाली. पुढे होड्यांना यंत्रे बसली. विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरी यांच्याबरोबर दुचाकी वाहनेही होडीतून नेण्याची प्रथा पडली. अशा प्रकारे प्रवासी व वाहन या दोहोंची वाहतूक येथे आकारास आली. तिच्यामागे नियोजन नव्हते, निकड होती.

जलाशयाचे पाणी नदीप्रमाणे वागत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात मैल-मैल मागे सरते. पळसदेव येथील बुडालेले प्राचीन मंदिर पाणी ओसरल्यावर उघडे पडते, हे याचे सर्वपरिचित उदाहरण. काठ सतत सरकत असल्यामुळे कायमचा धक्का बांधणे अवघड जाते आणि उतारूंना गाळातून होडीपर्यंत जावे लागते. शिवाय विस्तीर्ण उघड्या पृष्ठभागावर वळिवाच्या वाऱ्याने अल्पावधीत मोठ्या लाटा उठतात. नदीतील नावाड्याचे परंपरागत ज्ञान या नव्या पाण्याला अपुरे पडते.

या धोक्याची जाणीव दुर्घटनांनीच करून दिली. २०१७ च्या एप्रिलअखेरीस अजोती परिसरात होडी उलटून चार डॉक्टरांचा मृत्यू झाला. ती सहल होती. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. होडीतील सात जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले; दोन बालकांसह सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या शोधानंतर त्यांचे मृतदेह हाती आले. ही सहल नव्हती. नेहमीच्या वाटेवरचा तो नेहमीचा प्रवास होता, आणि म्हणूनच या घटनेचा विचार केवळ अपघात म्हणून करून भागत नाही.

तुलना व मीमांसा

राज्यातील अन्य दोन उदाहरणे येथे उद्बोधक ठरतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळा भागातील विखुरलेल्या गावांसाठी सातारा जिल्हा परिषदेने लाँच व वाहने नेणारा तराफा यांची सेवा चालविली. कोकणात दाभोळ-धोपावे दरम्यान २००३ मध्ये खाजगी उपक्रमातून वाहनवाहू फेरीबोट सुरू झाली आणि सागरी मंडळाच्या नियंत्रणाखाली अशा सेवांचा अन्य खाड्यांवरही विस्तार झाला. एका ठिकाणी स्थानिक स्वराज्य संस्थेने जबाबदारी उचलली, दुसऱ्या ठिकाणी व्यावसायिकाने. परंतु दोन्हीकडे सेवेला एक ओळखता येण्याजोगा धनी आहे.

उजनीत नेमका हाच धनी सापडत नाही. जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासे मत्स्यव्यवसायाच्या कक्षेत, एक काठ पुणे जिल्ह्यात व दुसरा सोलापूर जिल्ह्यात अशी ही विभागणी आहे. होडी निघते एका प्रशासनाच्या हद्दीतून व पोहोचते दुसऱ्याच्या. १९१७ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यात नोंदणी, तपासणी, विमा व जीवरक्षक साधने यांविषयी तरतुदी आहेत. तेव्हा उणीव कायद्याची नसून अंमलबजावणी कोणी करावयाची, या निश्चितीची आहे. अशा स्थितीत सारा दोष होडीचालकावर टाकणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. सार्वजनिक मार्ग नाहीसा झाल्यावर पर्यायी मार्गाचा भार त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाहिला, हेही विसरता येत नाही.

याचे मूळ पुनर्वसनाच्या संकल्पनेत शोधावे लागते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये झाला, तोवर उजनीचे काम बरेच पुढे गेले होते. त्या काळच्या विचारात हानी मोजली जाई ती जमीन व घर या परिमाणांनी. ज्याची जमीन बुडाली तो प्रकल्पग्रस्त ठरला; ज्याची केवळ वाट बुडाली तो ठरला नाही. वाटेची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर कोणा एकाच्या नावे नसते आणि म्हणून तिचा मोबदलाही कोणाला देय होत नाही. तीरावरील समाजाचे हे नुकसान हिशेबाबाहेरच राहिले.

समारोप

इंदापूरच्या इतिहासात तर ही प्रथम ग्रामव्यवस्थेची, नंतर शासनाची जबाबदारी होती. धरणोत्तर काळात ती कोणाचीच उरली नाही, असा या आढाव्याचा निष्कर्ष आहे. मंजूर झालेल्या शिरसोडी-कुगाव पुलामुळे या तीरांमधील अंतर कमी होईल. परंतु एका पुलाने संपूर्ण जलाशयाचा प्रश्न सुटत नाही. लांबच्या गावांना होडी लागणारच. त्यासाठी दोन्ही जिल्हा परिषदांची संयुक्त यंत्रणा, पाण्याच्या पातळीप्रमाणे हलविता येणारे तरंगते धक्के, वळिवाच्या दिवसांत हवामानाच्या इशाऱ्यानुसार फेऱ्या थांबविण्याचा अधिकार असलेला जबाबदार कर्मचारी आणि प्रत्येक उतारूस जीवरक्षक जाकीट, एवढी व्यवस्था आवाक्याबाहेरची नाही. १८६८ मध्ये मान्य झालेले तत्त्व, की तर हा सार्वजनिक मार्ग आहे, तेच पुन्हा अमलात आणण्याचा हा प्रश्न आहे.