११२ आपत्कालीन दूरध्वनी यंत्रणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (पातूर तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना : संकटसमयी केलेला दूरध्वनी योग्य ठिकाणी पोहोचणे, ही नागरी सुरक्षेची पहिली अट होय. अकोला-वाशीम मार्ग पातूरच्या घाटातून जात असल्याने हा प्रश्न येथे केवळ तांत्रिक राहत नाही.

विवेचन : भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०२ असे स्वतंत्र क्रमांक रूढ होते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. २०१५ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ११२ या एकाच क्रमांकाची शिफारस केली. हिमाचल प्रदेशात २०१८ मध्ये, तर महाराष्ट्रात २०२१ मध्ये ही यंत्रणा कार्यान्वित झाली. विविध दूरसंचार कंपन्यांची जाळी नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांशी जोडण्यात आली. तेथून कॉलची माहिती संगणकीय जाळ्याद्वारे जिल्हा नियंत्रण कक्षाकडे जाते. तथापि स्थिर दूरध्वनीचा पत्ता कंपनीकडे नोंदलेला असतो. मोबाईलचे स्थान केवळ मनोऱ्यावरून ठरवावे लागल्यास, मनोरे विरळ असलेल्या डोंगराळ भागात ते अनुमान काही किलोमीटरांनी चुकू शकते.

निष्कर्ष : क्रमांकांचे एकत्रीकरण हे या इतिहासाचे पहिले पर्व होय. घाटातील हाकेला नेमक्या वळणावर मदत पोहोचणे हे दुसरे. यंत्रणेच्या यशाचे मोजमाप त्यावरूनच व्हावे.