इंग्लंडचे तिसरे रूप : लहरी इंग्रजी प्रोग्रेसिव्ह रॉक आणि खानदेशातील श्रोता

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये १९६७ ते १९७७ या काळात प्रोग्रेसिव्ह रॉक हा संगीतप्रकार बहरला. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील दीर्घ रचना, जॅझमधील उत्स्फूर्त वादन आणि रॉकचा ताल यांचा मेळ हे त्याचे सर्वपरिचित लक्षण होय. या प्रवाहात एक लहानसा, परंतु स्पष्टपणे ओळखू येणारा उपप्रवाह आहे. बुटके, बुजगावणी, गोल्फच्या मैदानावर चहा विकणारी मुलगी, गवत कापणारा माळी ही त्यातील पात्रे. त्याचा सूर मिस्कील, काहीसा बालसुलभ आणि अस्सल इंग्रजी मातीचा आहे. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या श्रोत्याने हे संगीत कसे शोधावे, हा प्रश्न वरवर हौशीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. हे संगीत कोणत्या इंग्लंडचे आहे आणि ते खानदेशापर्यंत का पोहोचले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खानदेशाला परिचित असलेली दोन रूपे

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. १८२५ पासून जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. पुढे अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासली, तेव्हा खानदेशच्या कापसाला मोल आले. कलेक्टर, पलटण आणि कापसाचा व्यापारी हे इंग्लंडचे पहिले रूप होय.

दुसरे रूप पाठ्यपुस्तकातून आले. केशवसुतांच्या पिढीने इंग्रजी रोमँटिक कवितेशी नाते जोडले व त्यातून आधुनिक मराठी कविता घडली. या परंपरेतील बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० मध्ये त्याच धरणगावी झाला. जेथे पलटणीचे ठाणे होते, तेथेच फुलराणीचा कवी जन्मावा, हा योगायोग बोलका आहे. सत्ता आणि कविता या दोन वाटांनी आलेले इंग्लंड खानदेशाने चांगले ओळखले. तिसऱ्या रूपाशी मात्र त्याची गाठ पडली नाही.

तिसरे रूप

१९६७ मध्ये पिंक फ्लॉइड या बँडचा पहिला अल्बम 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' प्रसिद्ध झाला. केंब्रिजच्या सिड बॅरेटने त्यातील बहुतेक गीते रचली. अल्बमचे नाव केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) या बालकादंबरीतील एका प्रकरणाचे आहे. हरवलेल्या पिल्लाच्या शोधात निघालेल्या दोन प्राण्यांना पहाटे नदीकाठी पॅन या देवाची बासरी ऐकू येते, असा तो प्रसंग. यमुनाकाठच्या वेणूशी परिचित असलेल्या वाचकाला त्याचा भाव उलगडून सांगावा लागत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव रूढ होण्यापूर्वीचा हा अल्बम या उपप्रवाहाचा उगम मानता येतो.

चार्टरहाउस या निवासी शाळेतील विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या जेनेसिस या बँडने 'नर्सरी क्राइम' (१९७१) मध्ये व्हिक्टोरियन बालविश्व उभे केले. परंतु त्यातील 'द म्युझिकल बॉक्स' या रचनेमागील कथेत क्रॉके खेळताना एक मुलगी सवंगड्याचे शिर उडवते. 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) हे नाव मजूर पक्षाच्या प्रचारातील शब्दांवरून घेतलेले होते. त्यात दंतकथांतील सरदार आणि खरेदीवर मिळणारी कूपने शेजारी शेजारी येतात. १९५६ च्या सुएझ प्रकरणाने ब्रिटनचा साम्राज्याचा तोरा उतरला होता. १९७३ च्या आरंभी तो देश युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला आणि १९७४ च्या आरंभी वीजटंचाईमुळे तेथील उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली. अशा काळात ही पिढी बालपणीच्या पुस्तकांकडे आणि परसबागेकडे वळली. तिचा लहरीपणा हा केवळ पोरखेळ नव्हता. साम्राज्य गमावलेला देश स्वतःकडे पाहून हसत होता, आणि त्या हसण्यात जुन्या क्रौर्याची आठवणही होती. या देशाने ज्यांच्यावर राज्य केले, त्यांच्या वारसांनी हे संगीत ऐकण्याचे प्रयोजन येथेच आहे.

संगीत का पोहोचले नाही

मुंबईत रॉकचा श्रोतृवर्ग होता. सिमला बीट स्पर्धेतील भारतीय बँडच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका याची साक्ष देतात. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद होईपर्यंत अनेक पिढ्यांचे श्रवणकेंद्र होते. खानदेशात हे घडले नाही, याचे कारण अभिरुचीत शोधणे अन्यायाचे ठरेल. कारण माध्यमात आहे. कॅरव्हानची 'नाइन फीट अंडरग्राउंड' ही रचना बावीस मिनिटांहून अधिक चालते, तर जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२) हा सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा अल्बम म्हणजे एकच रचना आहे. असे संगीत रेडिओच्या चार मिनिटांच्या चौकटीत बसत नाही. त्यास दीर्घ तबकडीच लागते. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांमुळे विदेशी तबकडी महानगरातही दुर्मीळ होती. ज्या चोपडा शहरात रेल्वेही आली नाही, तेथे ती येण्याचा संभव नव्हताच. भारतात यूट्यूब २००८ मध्ये आणि स्पॉटिफाय २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा हे अंतर मिटले. परंतु कोठून आरंभ करावा, हा प्रश्न उरलाच.

शोधाची पद्धत

'प्रोग्रेसिव्ह रॉक' एवढ्या नावाने शोध घेतल्यास गंभीर व भव्य रचनांचा ढीग समोर येतो आणि हा नाजूक उपप्रवाह त्याखाली दडून राहतो. त्यापेक्षा गाव, माणसे आणि ग्रंथ यांचा माग काढावा. गावाचे उत्तम उदाहरण कँटरबरीचे आहे. १९६४ मध्ये तेथे वाइल्ड फ्लॉवर्स हा बँड स्थापन झाला आणि त्यातील कलावंतांतून सॉफ्ट मशीन व कॅरव्हान हे बँड निघाले. कॅरव्हानचा 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक' (१९७१) हा आरंभासाठी सर्वांत सुलभ अल्बम आहे. त्यातील गायक रिचर्ड सिंक्लेअर याचा माग घेत गेल्यास हॅटफील्ड अँड द नॉर्थ हा बँड सापडतो. लंडनबाहेर पडणाऱ्या रस्त्यावरील दिशाफलकाचे शब्द त्याने नाव म्हणून घेतले होते. ग्रंथाच्या वाटेने गेल्यास ग्रिफन हा बँड भेटतो. पीटर हॉल यांनी १९७४ मध्ये सादर केलेल्या 'द टेम्पेस्ट'साठी या बँडने संगीत दिले आणि जुनी वाद्ये रॉकमध्ये आणली. शेक्सपिअर शिकविणाऱ्या प्राध्यापकास याहून चांगले प्रवेशद्वार नाही.

जेथ्रो टल हे नावही मातीतले आहे. मूळ जेथ्रो टल (१६७४-१७४१) हा पेरणीयंत्र तयार करणारा इंग्रज कृषितज्ज्ञ. पाभरीने पेरणी करणाऱ्या खानदेशास ही कल्पना परकी नाही. याच बँडचा 'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७) हा अल्बम ग्रामीण इंग्लंडच्या ऋतूंचा व लोकसमजुतींचा आहे. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये या बँडने अनुष्का शंकर यांच्यासह पीडितांच्या साहाय्यार्थ मुंबईत कार्यक्रम केला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

निष्कर्ष

जे संगीत आपल्या गावाशी प्रामाणिक राहते, त्याकडे जाण्याची वाटही गावातूनच जाते. श्रावणातील कानबाईची गाणी किंवा बहिणाबाईंची ओवी खानदेश जाणल्याशिवाय पुरती कळत नाही; कँटरबरीचे संगीतही तसेच आहे. खानदेशातील श्रोत्यास तबकडी मिळाली नाही, पण बालकवींमुळे निसर्गाशी बोलणारा कान मिळाला आणि अभ्यासक्रमामुळे इंग्रजी साहित्याची किल्ली मिळाली. या दोन्हींचा उपयोग करून इंग्लंडचे तिसरे रूप ऐकता येते. तेथे ना कलेक्टर आहे, ना परीक्षेतील कविता. एक लहान देश आपल्या परसात बसून आठवणी काढीत आहे. ज्यांच्या पूर्वजांनी त्या देशाचा अंमल सोसला, त्यांनी आज त्याचे हे स्वगत समजून-उमजून ऐकावे, यात इतिहासाचा एक न्याय आहे.