निरोप्याची झोळी

सन २००७ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक मोठी चमत्कारिक घोषणा केली. त्या कंपनीच्या ‘विंडोज लाइव्ह मेसेंजर’ नांवाच्या निरोप-यंत्रणेवर जो कोणी आपल्या नांवापुढें एक तारकाचिन्ह व एखाद्या धर्मादाय संस्थेचें लघुनाम लिहील, त्याच्या संभाषणांगणिक कंपनी आपल्या जाहिरातींच्या उत्पन्नांतील हिस्सा त्या संस्थेस देईल, अशी ती घोषणा होती. दात्यानें खिशाला हात लावावयाचा नाहीं, कोठें जावयाचें नाहीं. मित्राशीं जें बोलणें तो एरवींही करणारच होता, तेंच करावयाचें. गप्पा मारतां मारतां पुण्य पदरीं पडावें, अशी ही सोय! आमच्या पुराणिकांनीं देखील इतकें स्वस्त व्रत कधीं सांगितलें नसेल.

या घटनेची दखल मोठ्या इतिहासग्रंथांतून कोणी घेणार नाहीं, व घ्यावी असा आमचाही आग्रह नाहीं. परंतु माणसामाणसांतील साधें बोलणें हें विक्रीयोग्य कसें झालें, आणि दानधर्मासारख्या पुरातन गोष्टीला बाजारानें कोणतें नवें वळण दिलें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यास हा लहानसा उपक्रम बरेंच कांहीं सांगूं शकेल. त्याकरितां थोडें मागें जावें लागेल.

संगणकावरून दुसऱ्यास तत्काळ निरोप पाठविण्याची कल्पना वाटते तितकी अलीकडची नाहीं. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची पद्धति १९६० नंतरच्या दशकांत सुरू झाली, तेव्हांच एका टंकयंत्रावरून दुसऱ्यावर निरोप जाऊं लागले होते. इलिनॉय विद्यापीठांत १९७३ सालीं ‘टॉकोमॅटिक’ नांवाची सोय निघाली. तिच्यांत समोरचा मनुष्य एकेक अक्षर उमटवीत असतां तें दुसऱ्यास तसेंच दिसे. परंतु हीं सर्व विद्वानांच्या ओसरीवरचीं बोलणीं. सामान्य जनांच्या हातीं ही विद्या आली ती १९९६ च्या नोव्हेंबरांत, जेव्हां मिराबिलिस नांवाच्या एका इस्रायली मंडळीनें ‘आय सी क्यू’ हा कार्यक्रम फुकट वांटावयास आरंभ केला. अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १९९८ सालीं, अमेरिका ऑनलाइन या कंपनीनें ती मंडळी सुमारें २८ कोटि ७० लाख डॉलर रोख मोजून विकत घेतली. फुकट वांटलेल्या वस्तूला एवढी किंमत कां, असा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांस पडला. त्याचें उत्तर पुढील हकीगतींत आहे.

आमच्या मतें या यंत्रणेचें खरें नवल निरोप हें नव्हतें. निरोप तर तारायंत्रही पोंचवीत असे, आणि ई-मेलही पोंचवीत होता. नवल होतें तें उपस्थितीचें. आपण ज्यांचीं नांवें यादींत लिहून ठेवलीं आहेत, त्यांपैकीं या घटकेस कोण आपल्या यंत्रापुढें बसला आहे, कोण उठून गेला आहे, कोण कामांत आहे, हें न विचारतां दिसावें, ही गोष्ट मानवी व्यवहारांत पूर्वीं नव्हती. ज्यांचे मुलगे व मुली त्या सुमारास अमेरिकेंत गेल्या, अशा पुण्यामुंबईच्या घरांना हें वेगळें सांगावयास नको. सकाळचा चहा झाला कीं तासाच्या भाड्यानें मिळणाऱ्या एखाद्या सायबर कॅफेंत जाऊन बसावें, आणि कॅलिफोर्नियांतल्या संध्याकाळीं मुलाच्या नांवापुढची ती चिमुकली आकृति हिरवी होण्याची वाट पाहावी, असा क्रम आम्हीं स्वतः पाहिला आहे. कधीं कधीं बोलण्यासारखें कांहींच नसे. आकृति हिरवी आहे, एवढ्यावरच आईचें समाधान होई व ती पैसे देऊन घरीं येई.

मायक्रोसॉफ्टनें या क्षेत्रांत पाऊल टाकलें तें १९९९ च्या जुलै महिन्यांत, ‘एमएसएन मेसेंजर’ या नांवानें. तेव्हां अमेरिका ऑनलाइनचा निरोप्या सर्वांत बलवान होता. म्हणून नव्या मेसेंजरानें अशी युक्ति केली कीं, आपल्या गिऱ्हाइकांस त्या दुसऱ्या यंत्रणेवरील मित्रांशींही बोलतां यावें. दुसऱ्या पक्षास हें अर्थातच रुचलें नाहीं. त्यांनीं दार लावावें, यांनीं नवी किल्ली करावी, त्यांनीं पुन्हां कुलूप बदलावें, असा खेळ कित्येक आठवडे चालला. शेवटीं अमेरिका ऑनलाइननें आपल्याच कार्यक्रमांतील एका दोषाचा उपयोग करून, समोरचा निरोप्या अस्सल कीं नकली हें ओळखण्याची तोड काढली, आणि मायक्रोसॉफ्टनें माघार घेतली. मध्यंतरीं या दोषाचा बोभाटा व्हावा म्हणून मायक्रोसॉफ्टच्याच कोणी गृहस्थानें खोट्या नांवानें एका सुरक्षातज्ज्ञास पत्र पाठविलें; पण तें कोठून निघालें हें त्या पत्रावरूनच उघड झालें आणि फजिती पदरीं आली. त्या संघांत असलेल्या एका अभियंत्यानें २०१४ सालीं ही सारी हकीगत लिहून प्रसिद्ध केली आहे. ती वाचतांना पेशवाईंतील दोन वकिलांचे डावपेंच वाचीत असल्यासारखें वाटतें. फरक इतकाच कीं, येथें मुलूख म्हणजे लोकांच्या मित्रांची यादी.

मित्र ज्या यंत्रणेवर असतील तिकडेच मनुष्य जाणार. तेव्हां एकदां आलेला मनुष्य टिकवून ठेवणें हाच पुढचा उद्योग झाला, आणि त्यासाठीं दर वर्षा-दोन वर्षांनीं नव्या करामती निघूं लागल्या. २००३ सालच्या सहाव्या आवृत्तींत नांवाशेजारीं स्वतःचें चित्र लावण्याची सोय झाली. २००५ सालच्या सातव्या आवृत्तींत समोरच्याची खिडकीच गदगदां हलविण्याची सोय आली. तिला इंग्रजींत दिलेल्या नांवाचा अर्थ आपली कोपरखळी हाच, आणि तिचा उपयोगही लोकांनीं कोपरखळीसारखाच, म्हणजे बहुधा नको त्या वेळीं केला. २००६ च्या जूनमध्यें नांव बदलून ‘विंडोज लाइव्ह मेसेंजर’ झालें, तेव्हां गैरहजर मनुष्यासाठींही निरोप ठेवतां येऊं लागला. त्याच वर्षीं जुलैपासून याहूच्या निरोप्याशीं बोलण्याची वाट खुली झाली. सात वर्षांपूर्वीं ज्या गोष्टीसाठीं भांडण झालें, ती येथें तहानें मिळाली.

या सर्वांचें मोल कोणी द्यावयाचें? वापरणाऱ्यानें एक पैही दिली नाहीं. मोल दिलें तें जाहिरातदारांनीं. मित्रांच्या यादीच्या तळाशीं एक लहानशी पट्टी असे; तिच्यांत कधीं मोटारी, कधीं चित्रपट झळकत. जितका वेळ मनुष्य बोलत राही, तितका वेळ ती पट्टी त्याच्या डोळ्यांपुढें राही. आतां २००७ सालच्या घोषणेचा अर्थ नीट ध्यानांत येईल. उपक्रमाचें इंग्रजी नांव ‘आय ॲम’ या दोन शब्दांच्या संक्षेपाचें होतें. ‘मी आहें’ हा त्याचा एक अर्थ, आणि तत्काळ निरोप या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरेंही तींच, असा दुहेरी श्लेष त्यांत साधला होता. रेडक्रॉस, युनिसेफ, स्तनांच्या कर्करोगासाठीं झटणारी सुसान कोमेन यांच्या नांवाची संस्था, मुलामुलींचे क्लब चालविणारी मंडळी, वनांचें व डोंगरांचें रक्षण करणारा सिएरा क्लब, निर्वासित मुलांच्या शिक्षणासाठीं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागानें उभारलेली नव्वद लाखांची मोहीम, अशा नऊदहा संस्था त्यांत होत्या. प्रत्येक संस्थेस पहिल्या वर्षीं निदान एक लाख डॉलर मिळतील अशी हमी कंपनीनें दिली, व वरची मर्यादा ठेवली नाहीं. मात्र दोन अटी होत्या: मनुष्य अमेरिकेंतला असावा, आणि त्यानें मेसेंजरची ८.१ ही किंवा त्यानंतरची आवृत्ति घेतलेली असावी.

ही दुसरी अट वाचून आम्हांस हसूं आल्यावांचून राहिलें नाहीं. नवी आवृत्ति घेण्याचा लोकांना नेहमीं कंटाळा असतो; तो कंटाळा परोपकारबुद्धीनें घालवावा, ही कल्पना ज्यास सुचली त्याच्या व्यवहारज्ञानाची तारीफ केली पाहिजे. शिवाय ज्यानें तें चिन्ह लावलें, त्याचा प्रत्येक मित्र तें पाहणार, हें काय म्हणून विचारणार, आणि आपणही लावणार. धर्मकार्याची अशी दवंडी पिटली कीं तिच्याबरोबर मेसेंजरचीही दवंडी आपोआप पिटली जाते.

ही युक्ति अमेरिकेस नवी नव्हती. अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीनें १९८३ सालीं, न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या जीर्णोद्धारासाठीं, आपल्या कार्डावर झालेल्या प्रत्येक व्यवहारामागें एक सेंट व प्रत्येक नव्या कार्डामागें एक डॉलर देण्याचें जाहीर केलें होतें. पुतळ्यास सुमारें १७ लाख डॉलर मिळाले. कार्डाचा वापरही चतुर्थांशाहून अधिक वाढला. तेव्हांपासून विक्री आणि परोपकार यांचें हें लग्न व्यापारशास्त्रांत शिकविलें जाऊं लागलें. पुढें १९९९ च्या जूनमध्यें ‘हंगर साइट’ निघाली. तेथें दिवसांतून एकदां एक कळ दाबावी, जाहिरातदारांचीं नांवें पाहावीं, आणि त्यांच्या पैशांनीं कोणा उपाशी माणसास मूठभर धान्य मिळावें, अशी व्यवस्था होती. मेसेंजरच्या उपक्रमानें कळ दाबण्याचेही श्रम वांचविले.

मूठभर धान्य म्हटलें कीं महाराष्ट्रीय वाचकास मुष्टिफंड आठवेल. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठीं खेड्यापाड्यांतल्या बायकांनीं दळणाच्या धान्यांतून मूठ मूठ बाजूस काढली. त्याच्याही आधीं अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा अशी योजना काढून गांवोगांव हिंडून पैसा फंड उभा केला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवचा काचेचा कारखाना निघाला. एक पैसा ही रक्कम ती काय! पण ती देणाऱ्याच्या हातांतून जात होती. ज्यानें पैसा दिला त्याला काच कशी निघाली हें विचारण्याचा हक्क होता, आणि लोक विचारीतही असत. मेसेंजरवर चिन्ह लावणाऱ्यानें काय दिलें? त्यानें आपल्या डोळ्यांचा कांहीं वेळ दिला, आणि तोही तो आधींच विनामूल्य देत होता. दान देणारी कंपनी, पैसे भरणारा जाहिरातदार, आणि श्रेय मात्र नांवापुढें चिन्ह लावणाऱ्याचें! घोषणेंत हिस्सा एवढेंच म्हटलें होतें. तेव्हां हिशेब मागावा तर कोणत्या रकमेचा, हाही प्रश्नच.

तरी केवळ दंभ म्हणून हा उपक्रम निकालांत काढावा, असें आम्हांस वाटत नाहीं. लाख डॉलर हे लाख डॉलरच. मज्जातंतूंच्या रोगानें जखडलेल्या मनुष्यास ते कोणत्या वाटेनें आले याची पंचाईत करण्याचें कारण नाहीं. आणि सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलांनीं सिएरा क्लबचें नांव त्या वेळीं प्रथमच ऐकलें, त्यांतील दोनचारांनीं पुढें खरोखरीची वर्गणी भरली नसेल, असें कोणीं म्हणावें? आमची तक्रार एवढीच कीं, देण्याची क्रिया इतकी सुलभ केली कीं ती घडल्याचें देणाऱ्याच्याही लक्षांत राहत नाहीं. मूठ काढतांना दळण तेवढें कमी होतें, हें बाईस रोज दिसे.

निरोपाच्या वाटेनें याहून निराळें दानही होऊं शकतें, हें तीनच वर्षांनीं दिसलें. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भयंकर भूकंप झाला. अमेरिकेंतील रेडक्रॉसनें लोकांस विनंति केली कीं, मोबाइलवरून एका ठराविक क्रमांकास ‘हैती’ एवढा शब्द पाठवा, म्हणजे तुमच्या बिलांत दहा डॉलर वाढतील व ते पीडितांस पोंचतील. त्या दहा-दहा डॉलरांचे ३ कोटि २० लाखांहून अधिक डॉलर जमले. येथेंही दात्यास जागचें उठावें लागलें नाहीं. पण महिनाअखेर बिल आलें, त्यांत दहा डॉलर लिहिलेले होते, आणि ते त्याचे होते.

मेसेंजरची भरभराट त्यानंतर फार टिकली नाहीं. २००९ सालीं त्याचे सुमारें ३३ कोटि वापरणारे असल्याचें सांगितलें जाई. परंतु लोकांचें बोलणें हळूहळू फेसबुकावर व हातांतल्या फोनवर गेलें. मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं ‘स्काइप’ साडेआठशें कोटि डॉलरांस विकत घेतलें, आणि २०१३ च्या एप्रिलांत मेसेंजरचीं खातीं तिकडे वळविण्यास आरंभ केला. चीनमधला शेवटचा मेसेंजर ३१ ऑक्टोबर २०१४ रोजीं बंद झाला. ज्याच्याशीं १९९९ सालीं झुंज झाली तो अमेरिका ऑनलाइनचा निरोप्या २०१७ च्या डिसेंबरांत गेला, याहूचा २०१८ च्या जुलैंत, आणि सर्वांचा वडील जो ‘आय सी क्यू’ तो २०२४ च्या जूनमध्यें. स्काइपही ५ मे २०२५ रोजीं मिटलें. नांवापुढें तारकाचिन्ह घालून ज्यांचीं लघुनामें लिहिलीं जात, त्यांपैकीं अमेरिकन रेडक्रॉस १८८१ सालची व सिएरा क्लब १८९२ सालचा. त्या दोन्ही संस्था अद्याप चालू आहेत, आणि वर्गणी पहिल्यासारखीच मागत आहेत.