पाणबुड्याची हवाटाकी : तपासणी व दाबचाचणी

पाण्याखाली श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायची पोलादी किंवा ॲल्युमिनियमची टाकी. बातम्यांत तिला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात, ते चूक. आत साधी हवाच असते; निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरांखाली अंगावर उलटतो.

उजनी धरणाच्या फुगवट्यात मच्छीमार दम धरूनच बुडी मारतात. टाक्या येतात त्या बचावपथकांबरोबर. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शोध घेतला.

१२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते; हा दाब मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या नव्वदपट. तो चढतो भरताना, म्हणून टाकी फुटायचे भय पाण्यात कमी, काठावर भरताना जास्त. उजनीचे पाणी गोडे, खाऱ्याइतके धातूला खात नाही. गंज धरतो तो आतून : कॉम्प्रेसरमधून आलेल्या दमट हवेने, किंवा टाकी तळापर्यंत रिकामी केल्यावर झडपेतून शिरलेल्या पाण्याने. थोडी हवा राखूनच वर यावे, ही शिस्त टाकीसाठीही आहे.

वर्षातून एकदा झडप काढून आत दिवा सोडतात. गंजाचे खड्डे, मानेच्या आट्यांतल्या चिरा पाहतात. ६३५१ या मिश्रधातूच्या जुन्या ॲल्युमिनियम टाक्यांना मानेशी चिरा जात, म्हणून त्यांवर विशेष नजर.

दाबचाचणी साधारण पाच वर्षांनी. सीएनजी रिक्षावाले जिला ‘हायड्रो टेस्ट’ म्हणतात, तीच ही. टाकीत पाणी भरून ती पाण्याच्याच बंद पिंपात सोडतात आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त दाब देतात. टाकी फुगते तसे पिंपातले पाणी काचनळीत चढते. दाब सोडला की उतरते. सगळे उतरत नाही. जे वर राहते ते कायमचे फुगणे. ते एकूण फुगण्याच्या दहा टक्क्यांवर गेले की टाकी बाद. हवेऐवजी पाणी, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही. टाकी फाटली तरी स्फोट होत नाही.

उत्तीर्ण टाकीच्या खांद्यावर तारीख ठोकतात. मुदत उलटलेली टाकी भरणे गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार वर्ज्य. अंमल ‘पेसो’ या नागपूरस्थित केंद्रीय स्फोटके-सुरक्षा संस्थेचा. बाद टाकी चेपून किंवा तिचे तुकडे करून मगच भंगारात द्यायची.