आई तर समोरच बसली होती

लहानपणी ताप आला की आई दवाखान्यात न्यायची. मी स्टुलावर आणि आई समोरच्या खुर्चीत. डॉक्टर मला तपासता तपासता आईशी गप्पा मारायचे, परीक्षा कशी गेली, गावाकडे पाऊस झाला का, वगैरे. आई समोर बसलीये म्हणजे काही वाईट होणार नाही, हे इतकं गृहीत होतं की त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता. गेले दोन वीकेंड लॅरी नासर खटल्याबद्दल वाचतोय, आणि ती खुर्ची काही डोक्यातून जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नासर हा अमेरिकेच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर, शिवाय मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत नोकरीला. ऑलिंपिकला जाऊन आलेला, नावाजलेला माणूस. पाठदुखी, कंबरदुखी घेऊन मुली त्याच्याकडे यायच्या आणि उपचाराच्या नावाखाली तो त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करायचा. वर्षानुवर्षं. १२ सप्टेंबर २०१६ ला 'इंडियानापोलिस स्टार'ने बातमी छापली तेव्हा हे बाहेर आलं. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या कोर्टात सात दिवसांत १५६ निवेदनं झाली, आणि २४ तारखेला त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांनी वाचलं असेल. मी अडकलो तो आईवडिलांपाशी.

कारण यातल्या कितीतरी वेळा आई किंवा वडील त्याच खोलीत होते! सर्वात आधी स्वतःच्या नावानिशी पुढे आलेली रेचल डेनहॉलंडर २००० साली १५ वर्षांची होती. तिची आईही खोलीत असायची. नासर अशा बेताने उभा राहायचा की आईला नेमकं तेवढंच दिसू नये. अशा वेळी मुलीला वाटणार, आई इथेच आहे, ती काही म्हणत नाहीये, म्हणजे हाच उपचार असेल. आणि आईला वाटणार, मुलगी काही म्हणत नाहीये, म्हणजे सगळं ठीक आहे. दोघींचा एकमेकींवरचा विश्वास, त्याचाच त्याने आडोसा केला. पुढे कळल्यावर आयांना एकच प्रश्न छळत राहिला: मी तर तिथेच होते, मला कसं दिसलं नाही?

दुसरं घर. कोर्टात सर्वात पहिली बोलली ती त्याची पेशंट नव्हती. नासरचं आणि त्यांचं घरोब्याचं नातं. बाराव्या वर्षी तिने आईवडिलांना सांगितलं. त्यांनी नासरला विचारलं, तो नाही म्हणाला आणि त्यांना त्याचंच खरं वाटलं. मुलगी खोटारडी ठरली. पुढे कॉलेजला जायच्या सुमाराला तिने वडिलांना पटवलं. ते आधीच दुखण्याने गांजलेले होते. २०१६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्या माणसाची बाजू घेतल्याची शरम नसती, तर ते आजाराशी झगडू शकले असते, असं तिने कोर्टात सांगितलं. हे वाचून मी लॅपटॉप मिटवला आणि चक्कर मारून आलो.

तिसऱ्या घराने सगळं 'बरोबर' केलं. २००४ साली १७ वर्षांच्या एका मुलीने आईला सांगितलं, आणि लगेच पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी नासरला विचारलं. त्याने काय दाखवलं असेल? पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन! हा म्हणे मान्यताप्राप्त उपचार आहे. पोलिसांनी फाइल बंद केली. त्यांनी तिची जाहीर माफी मागितली ती २०१८ मध्ये. आठवड्यातून चार पीपीटी मीसुद्धा बनवतो. चांगल्या स्लाइड्स दिसल्या की समोरचे माना डोलावतात, हे मला माहितीये. पण इथे...

२ फेब्रुवारी २०१८ ला शेजारच्या ईटन काउंटीच्या कोर्टात एका बापाने नासरबरोबर बंद खोलीत पाच मिनिटं मागितली. त्याच्या तिन्ही मुलींवर अत्याचार झाला होता. न्यायाधीश नाही म्हणाल्या, तेव्हा तो सरळ नासरच्या अंगावर धावून गेला. पोलिसांनी त्याला आवरलं. त्याने नंतर माफी मागितली आणि न्यायाधीशांनी त्याला शिक्षा केली नाही.

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की मूळ कारण शोधतात. शेवटी हात कोणाचा लागला एवढंच बघायचं नसतं, कुठे कुठे अडवता आलं असतं ते मांडायचं. इथे मांडून बघा. २००४ मध्ये पोलीस. २०१४ मध्ये एका तक्रारीवर युनिव्हर्सिटीची चौकशी, त्यात तो निर्दोष. जुलै २०१५ मध्ये एफबीआयला कळवलेलं, तरी तो एक वर्षाहून जास्त काळ मोकळा. युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड केली, २०२४ मध्ये एफबीआयच्या हलगर्जीपणासाठी सरकारने जवळपास १४ कोटी डॉलर कबूल केले. संस्थांचा हिशोब पैशात मिटला. ज्यांना काही दिसू नये अशीच सगळी मांडणी होती, ते आईबाप मात्र 'मला कसं कळलं नाही' घेऊन जगतायत.

दुसऱ्या घराची गोष्ट मला वेगळी वाटते. तिथे मुलीने सांगितलं होतं. तिथे ऐकता आलं असतं. पण त्या बापालाही दोष देताना माझी जीभ अडखळते. ओळखीच्या, हसतमुख डॉक्टरवर विश्वास आणि घाबरलेल्या पोरीवर संशय, हे आपल्यापैकी किती जणांनी केलं नसतं? प्रामाणिकपणे सांगा.

असो. माझ्या मावसबहिणीची मुलगी आठ वर्षांची आहे. हे सगळं ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग मी आता काय खोलीत डोळे फाडून बसू?" मी म्हटलं, बस, पण तेवढ्याने भागेल असं समजू नकोस. ती कधी काही सांगायला आली, तर आधी तिचं ऐक. त्या माणसाला विचारायला जाऊ नकोस.